पिवळ्या पाण्याची नोंद

सर, गेल्या आठवड्यात आपल्या कॉलेजच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली आणि तासाभरात तुम्हाला देवमाणूस करून टाकलं. एक म्हणाले, सरांनी हात लावला की सोनं व्हायचं. दुसरे म्हणाले, सरांना उभ्या जन्मात चूक ठाऊक नव्हती. मी मागच्या रांगेत बसले होते. खरं सांगते, रडू यायच्या ऐवजी मला राग आला. ज्या माणसाने स्वतःच्या चुकीवर चार मिनिटांचा व्हिडिओ केला आणि तो तालुकाभर दाखवला, त्याला म्हणे चूक ठाऊक नव्हती! तुम्ही असतात तर मध्येच उठला असतात. "ओ साहेब, काहून खोटं बोलून राहिले? आमच्या तांड्यावर जाऊन विचारा जरा." पण तुम्ही समोरच्या टेबलावर फोटोत होता, हार घालून, आणि तुमच्या वतीने कुणीच उठलं नाही. मीही नाही.

सभा संपताना प्राचार्यांनी जाहीर केलं की आपल्या डिजिटल ग्रंथालयाला तुमचं नाव देणार. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून हात खाली घेतले. नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. तुमचा अनिल तिथे बसलेला होता, डोळे सुजलेले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात समिती येते आहे. आपलं ग्रंथालय राज्याच्या मोठ्या पोर्टलला जोडायची संधी आहे. त्यांना यशोगाथा हव्यात. ती पहिली नोंद तेवढी कायमची काढून टाका. सरांच्या नावाचं ग्रंथालय आणि उघडल्या उघडल्या सरांचीच चूक, बरं दिसत नाही."

अनिल हळूच म्हणाला, "मॅडम, बाबा गेले. आता तरी त्यांना त्यातून मोकळं करा."

मी म्हणाले, विचार करते. तुम्हाला माझी खोड माहीत आहे, मी "विचार करते" म्हणते तेव्हा माझा विचार झालेला असतो. या वेळी मात्र तो झालेला नव्हता. ज्या नोंदीसाठी मी भांडायला हवं होतं, तिच्याबाबतीत माझेच हात स्वच्छ नव्हते. ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगू द्या. आज तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तर मी सगळं बोलून घेते.

आपली ओळख पोत्यामुळे झाली. कॉलेजात पर्यावरण तंत्रज्ञानाचा सर्टिफिकेट कोर्स नुकताच सुरू झाला होता. मुलं शेतकऱ्यांची, तांड्यावरची, आमच्यासारख्या वस्तीवरची. आणि पुस्तकं सगळी इंग्रजी, गुळगुळीत कागदाची, आत परदेशातल्या कारखान्यांचे फोटो. मी ग्रंथपाल. मला एक संगणक आणि एक छोटा सर्व्हर देऊन सांगितलं होतं की मराठीत जे मिळेल ते यात गोळा करा, इंटरनेट नसलं तरी ग्रंथालयाच्या खोलीत बसून मुलांच्या मोबाइलवर उघडलं पाहिजे. मी आपली पुस्तिका गोळा करत बसले होते. तेवढ्यात दारात शिपाई कुणाला तरी अडवताना ऐकू आलं. "ओ मामा, भंगारवाला बाजारात बसतो. हितं न्हाई."

"भंगार नव्हं रे, अभ्यासाचं सामान हाय," म्हणत तुम्ही आत आलात आणि पोतं सरळ माझ्या टेबलावर ओतलं.

जळालेला कपॅसिटर. गंजून चाळण झालेला गोबरगॅसचा बर्नर. खारीने कुरतडलेली ठिबकची नळी. तडा गेलेलं सौर पॅनेल. आयटीआयमध्ये आयुष्यभर निदेशक म्हणून मुलांना मोटार खोलायला आणि जोडायला शिकवलंत, आणि निवृत्त झाल्यावर गावोगाव दुरुस्त्या करत हिंडताना बिघडलेला एकेक तुकडा जपून ठेवलात. मला म्हणालात, "हे सगळं स्कॅन करून टाका."

"सर, स्कॅन कागद करतात."

"मंग कागदावर ठेवून करा."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत, तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. मग घरून पांढरी चादर आणून तिच्यावर एकेक वस्तू ठेवून आपण फोटो काढले. ती चादर ग्रीसच्या डागांनी गेली ती गेलीच. आई अजून विचारते, ती चादर कुठे आहे म्हणून. मी विषय बदलते.

पण फोटोवर तुमचं भागेना. ज्याची वस्तू बिघडली तो माणूस तुम्हाला समोर लागायचा. त्याला तुम्ही ठरलेले प्रश्न विचारायचात: कधी बसवलं, बिघडायच्या आधी काय केलं होतं, कुणाला सांगितलं. मधला प्रश्न तुमचा लाडका. माणूस अडखळायचा, मग हळूच कबूल करायचा की शेगडीत राख साचली होती, किंवा मोटार जळण्याआधी मेहुण्याने वायर बदलली होती. ते तसंच्या तसं त्याच्या बोलीत रेकॉर्ड व्हायचं. खाली दुरुस्ती काय केली ते, आणि चूक कुणाची ते. मी म्हणायची, "सर, नाव कशाला? उगाच लोकांना लाज वाटेल." तुम्ही म्हणायचात, "चुकीला नाव पायजे सुजाता. बिननावाची चूक कुणालाच आपली वाटत न्हाई." लोक नाव द्यायला तयार कसे व्हायचे याचं मला नवल वाटायचं. नंतर समजलं, तुम्ही आधी स्वतःची दाखवायचात.

आणि आपलं ते भांडण! गोरेगावहून सेनगावला जीपने जाताना तर हमखास. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली. माझ्या हिशेबाने ऊर्जा वेगळी, पाणी वेगळं, कचरा वेगळा, प्रत्येकाखाली उपविषय, प्रत्येकाला क्रमांक. तुम्ही म्हणायचात, माणूस विषय घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो, तेव्हा कप्पेही तक्रारींचेच करा. 'ज्योत पिवळी जळते.' 'मोटार गुणगुणते, पाणी चढत नाही.' 'वास मारतो.' एकदा तर जीपमध्ये कोथिंबिरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली बाई मध्येच म्हणाली, "ते गुणगुणतं त्याचं काय ते सांगा ना बापा, आमची बी मोटार तसंच करून राहिली." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू सुप्रीम कोर्टाने निकाल दिला.

मी तक्रारींचं पान करून दिलं. विषयांचं पानही ठेवलं. पण 'वास मारतो' या एका कप्प्यात गोबरगॅस, संडासचा शोषखड्डा आणि बोअरचं पाणी अशा तीन गोष्टी येऊन बसतात आणि पोरं गोंधळतात, हे मी आजही म्हणते. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं समजू नका. हा वाद मिटलेला नाही.

आता ती पहिली नोंद. शोकसभेत कुणी तिचा उच्चार केला नाही, म्हणून इथे सगळी लिहिते.

तुमच्या तांड्यावर पिण्याच्या पाण्याचा एकच बोअर. उन्हाळ्यात त्याला घरघर लागायची. तुम्ही ठरवलंत, पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात मुरवायचं. मे महिन्यात पाहणी केलीत. उतार मोजलात, वरच्या मोकळ्या रानापासून बोअरपर्यंत चर काढलीत, बोअरभोवती खड्डा खणून केसिंग पाइपाला भोकं पाडलीत, त्याला जाळी गुंडाळून वर दगड, खडी, वाळू भरलीत. पुस्तकात दिलं आहे तसं, एक बोट इकडे तिकडे नाही. पावसाळा गेला, बोअरला भरपूर पाणी आलं. तांड्याने तुमच्या डोक्याला फेटा बांधला.

मग हळद निघाली. वरचं ते मोकळं रान म्हणजे तांड्याचं हळदीचं खळं होतं. तिथे कुकर लागले, ढीगच्या ढीग हळद धुतली गेली, शिजली, आणि धुतल्या-शिजवल्याचं सगळं पाणी तुम्हीच काढलेल्या चरीने खाली उतरून बोअरमध्ये गेलं. वाळूने गाळ अडतो, विरघळलेलं अडत नाही. हंड्यात पिवळं, कुजकट वासाचं पाणी यायला लागलं. लेकरांची पोटं बिघडली. सबंध उन्हाळा बायकांनी ओढ्यापलीकडच्या शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलं. तुम्ही खड्डा उकरलात, भोकं सिमेंटने बुजवलीत, बोअर उपसत राहिलात. पाणी निवळायला पाऊसकाळ उजाडला.

व्हिडिओत तुम्ही त्याच खड्ड्याच्या काठावर उभे आहात. हात मागे बांधलेले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. म्हणता, "मी या तांड्यावर जन्मलो. या खळ्यावर लहानाचा मोठा झालो. पन मी पाहणी केली मे महिन्यात. हळद होऊन गेलती. खळं झाडून मोकळं पडलं होतं. मला उतार दिसला, खळं दिसलंच न्हाई. मनून सांगतो, जागा एकाच महिन्यात बघू नका. वर्षभर तिथं काय काय होतं ते बायांना विचारा. मी विचारलं न्हाई. चूक माझी." मग तुम्ही तुमचं पूर्ण नाव सांगता, वडिलांच्या नावासकट.

सर्व्हर रिकामा होता तेव्हा तुम्ही हीच नोंद आधी घालायला लावलीत. मी म्हणाले, "सर, आरंभ काहीतरी शुभ गोष्टीने करू." तुम्ही म्हणालात, "आरंभ खऱ्यानं कर. शुभाचं शुभ बघेल." मी वैतागले होते. पण त्याच नोंदीमुळे पुढचे सगळे बोलते झाले, हे मला फार उशिरा उमगलं.

आणि ती नोंद मी लपवली.

गेल्या वर्षी कोर्सच्या मान्यतेसाठी तपासणी आली तेव्हा. कुणी मला सांगितलं नव्हतं. प्राचार्यांनी नाही, कुणीच नाही. पडद्यावर नोंदीपुढे एक छोटी चौकट असते, 'दाखवा' अशी; तिच्यातली खूण मी काढून टाकली. एवढंच. नोंद आत राहिली, बाहेर दिसेनाशी झाली. मी स्वतःला समजावलं की मी तुमची अब्रू राखते आहे. खरं म्हणजे मी घाबरले होते. तांड्यावरचा माणूस आणि शिरड शहापूरच्या वस्तीवरची बाई मिळून काय तंत्रज्ञान शिकवणार, असं स्टाफरूममध्ये म्हणणारे होते. त्यांच्या हातात आयती काठी द्यायची नव्हती मला. आमच्या वस्तीतल्या विहारात बसून मी दहावीचा अभ्यास केला, तेव्हापासून मला एकच शिकवण पक्की बसली आहे: आपल्याला चुकून चालत नाही. दुसरे चुकले तर चूक त्यांच्यापुरती असते, आपण चुकलो तर अख्ख्या वस्तीच्या नावावर लागते. तुम्हालाही हे ठाऊक होतं. तुम्हाला तर माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी तुम्ही वडिलांच्या नावासकट नाव सांगितलंत. हे धाडस मला झेपलं नाही, सर.

तपासणी झाली, शेरा चांगला आला. ती खूण मी परत केली नाही. आज करू, उद्या करू करत राहिले, आणि मग आता काय सांगायचं म्हणून राहिले.

तुम्ही जायच्या आठेक दिवस आधी तुमचा फोन आला होता. "सुजाता, पोरं मनतात पहिली नोंद दिसून न्हाई राहिली गं."

मी म्हणाले, "सर्व्हरला काहीतरी झालंय सर. बघते."

 तुम्ही म्हणालात, "बरं. बघ."

एवढंच. आयुष्यभर बिघाड शोधलेला माणूस. सर्व्हर बिघडला तर एकच नोंद कशी जाईल, हे तुम्हाला कळलं नसेल? सगळ्या जगाला विचारायचात तो प्रश्न तुम्ही मला विचारला नाहीत: त्याआधी काय केलं होतं? विचारला असतात तर मी त्याच क्षणी कबूल केलं असतं. मला तुमचा राग येतो तो याच्यासाठी. तुम्ही मला सोडून दिलंत. इतरांची चूक अर्ध्या तासात बाहेर काढायचात आणि माझ्यासाठी थांबलात, मी आपणहून येईन म्हणून. मी येणारच होते, पण तुम्हाला तेवढी फुरसत मिळाली नाही.

म्हणून प्राचार्य "काढून टाका" म्हणाले तेव्हा मी 'विचार करते' एवढंच म्हणाले. ती आधीच कुणाला दिसत नाही, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. तुमच्या घरी नाही, जिजाबाईकडे. बोअरसमोर घर असलेली, व्हिडिओत मागे रिकामा हंडा घेऊन उभी दिसते ती. त्या उन्हाळ्यात तुम्हाला सगळ्यांत जास्त शिव्या तिनेच घातल्या, हे तुम्हीच मला कौतुकाने सांगितलं होतं. आपण पहिल्यांदा रेकॉर्डिंग करायला गेलो तेव्हा तिने मला उभं केलं नव्हतं. "आमची तकलीफ फोनात भरून काय करता बाई?" म्हणाली होती आणि दार लावून घेतलं होतं.

या वेळी तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. नाव द्यायचं आहे, समिती येणार आहे, अनिलचं म्हणणं काय आहे, प्राचार्यांचं काय आहे. मी काय केलं तेही सांगितलं. सर, तिच्यासमोर मला ते सांगता आलं. तुमच्यासमोर आलं नाही.

ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "चूक त्याची होती का न्हाई?"

"होती."

"मी त्याले शिव्या देल्या का न्हाई?"

"दिल्या."

"त्यानं ऐकून घेतल्या. इथं, या ओट्यासमोर, उन्हात उभं राहून. टाकी बांधून देणारे आले, नळ टाकणारे आले, कुणाचं काही बिघडलं तर पुन्हा तोंड दिसलं का? हा एक उभा राहिला." मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुमी समदे मिळून त्याची चूक पुसून राहिले, त्याच्या अब्रूसाठी. व्हय ना? पन चूक त्याची होती बाई, उन्हाळा आमचा होता. आमी काढला तो, डोस्क्यावर हंडे घेऊन. आमचा उन्हाळा तुमी काहून पुसता?"

 एवढी वर्षं आपण दोघं त्या नोंदीवरून भांडत होतो, तुमची अब्रू की तुमचा खरेपणा. त्या नोंदीवर आणखी कुणाचा हक्क असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुमच्या आलं होतं का? बहुतेक आलं होतं. म्हणून तुम्ही कॅमेरा सरकवून जिजाबाईला आणि तिच्या हंड्याला चौकटीत घेतलंत, आणि मी मूर्ख बाई म्हणत होते की मागची गर्दी कापून टाकू.

मी फोन काढला. विचारलं, हेच परत बोलाल का? ती म्हणाली, "बोलते की. नाव बी सांगते." आणि सांगितलं, नवऱ्याचं लावून, मग थोडं थांबून बापाचंही लावून.

परत आले, ग्रंथालयाची खोली उघडली आणि त्या चौकटीत खूण केली. नोंद दिसायला लागली. तिच्याखाली जिजाबाईचा आवाज जोडला. त्याच्याखाली आणखी एक ओळ, तुमच्याच साच्यात: ही नोंद वर्षभर लपवलेली होती. कारण, भीती. लपवणारी, सुजाता. पुढे माझं पूर्ण नाव, आईच्या आणि वडिलांच्या नावासकट.  लिहून झाल्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी समितीचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "बघा मॅडम, यशोगाथेला रकाना आहे, लाभार्थ्यांच्या संख्येला आहे, फोटोला आहे. अपयशाला रकानाच नाही. मी तरी काय करू?"

मी म्हणाले, "मग आपलं ग्रंथालय त्या फॉर्ममध्ये मावत नाही, असं कळवा."

"पोर्टल हातचं जाईल."

"जाऊ द्या."

"तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतं, हे लक्षात आहे ना?" हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं की काळजीने, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणाले, लक्षात आहे. आणि नाव द्यायचं असेल तर नोंदीसकट द्या, नाहीतर सरांचं नाव देऊच नका, त्यांना पाटीची हौस नव्हती. एवढं मोठ्याने मी त्या केबिनमध्ये कधी बोलले नव्हते. बाहेर आले तर शिपाई पाण्याचा पेला घेऊन उभा.

अनिलला जिजाबाईचा आवाज पाठवला. त्याने ऐकला आहे, दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. मी त्याच्यावर रागावलेली नाही. त्याने वडील गमावले आहेत, आणि वडिलांची चूक तालुक्याने बघावी हे कोणत्या लेकराला आवडेल? पण सर, तुम्हाला निष्कलंक करून हारात घालून ठेवणं म्हणजे तुम्हाला दुसऱ्यांदा पोचवणं आहे, आणि त्या कामाला मी खांदा देणार नाही.

काल गोरेगावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी तुम्ही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसायचात, लोकांच्या फोनमध्ये आपले व्हिडिओ भरून द्यायचात, फुकट. मी तुम्हाला हसायची; म्हणायची, सर, याला का ग्रंथालय म्हणतात? काल मी स्वतः लॅपटॉप घेऊन तिथे जाऊन बसले. दुकानदाराने वायर लावून दिली. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. बाईमाणसाजवळ थांबायला गडी संकोचत होते. मग एक जण आला, पुसेगावकडचा, डोक्याला टॉवेल, हातात नवी केरसुणी. म्हणाला, "बोअरमधी पाणी मुरवायचा व्हिडिओ हाय मने तुमच्याकडं. तेवढा टाका."

मी म्हणाले, "टाकते. पण आधी हा बघा, चुकलेला."

"मले बराबर करायचं हाय बाई. चुकायचं न्हाई."

"म्हणूनच बघा."

तो नाखुशीने उभा राहिला. बाजाराच्या गलक्यात फोन कानाला लावून त्याने तुमची चार मिनिटं ऐकली. जिजाबाईचाही आवाज ऐकला. मग फोन खाली घेतला आणि केरसुणी काखेत मारली. मला म्हणाला, "आमचं बी खळं बोअरच्या वरल्या अंगालाच हाय. उद्या जेसीबी येऊन राहिला होता."

आणि त्याने तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होते.

"उद्या येऊ नको... न्हाई, न्हाई, दुसऱ्याला न्हाई देलं काम. हळद निघू दे आधी. घरच्या बायांला विचारतो, पाणी कुठून कुठून येतं ते बघतो, मंग खांदू. व्हय. थांब मनतो ना!"

सर, समितीला काय कळवायचं ते आज सकाळी प्राचार्यांना लेखी देऊन टाकलं आहे. पहिली नोंद पहिलीच राहील.